नागपूरच्या बुटींकडचा पंडित ख्रिस्ती पाळक झाला, आणि मग त्याने स्वतःचीच झडती घेतली

बेसा म्हटलं की आजच्या नागपूरकराला फ्लॅट स्कीम, ले-आऊट आणि स्वामी समर्थांचं मंदिर आठवतं. तिथून आणखी दक्षिणेला गेलं की बुटीबोरी लागते. एमआयडीसीमुळे हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण नावातल्या ‘बुटी’कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नागपूरचं बुटी घराणं म्हणजे एकेकाळचं बडं प्रस्थ. शिर्डीत साईबाबांची समाधी ज्या वाड्यात आहे, तो वाडा नागपूरच्या बापूसाहेब बुटींनीच बांधलेला.

याच घराण्यातल्या अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला १८९० च्या आसपास कोकणातला एक तिशीतला पंडित येऊन राहिला होता. काम काय, तर वैदिक वाङ्मय जमवायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवायचं. संस्कृत उत्तम, कविता हातची, व्याख्यान द्यायला उभा राहिला की लोक खिळून बसणार. फक्त एका जागी टिकायची सवय नव्हती.

या पंडिताचं नाव नारायण वामन टिळक. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखू लागला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून त्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकांत गेल्या. लोकमान्य टिळकांशी त्यांची गल्लत करू नका. आडनाव एक, जिल्हाही एकच, रत्नागिरी, पण वाटा पार वेगळ्या.

टिळकांचं ख्रिस्ती होणं आणि त्यांच्या कविता, यावर भरपूर लिहून झालंय. त्यामानाने एक गोष्ट मागे राहते. हा माणूस पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा पुढारी झाला आणि ती खुर्ची मिळाल्यानंतर तिच्यावर बसायची आपली लायकी आहे का, हे आयुष्यभर तपासत राहिला. या तपासणीची किंमत त्याने दिली आणि त्याच्या घरानेही दिली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. वडील तापट, आई जानकीबाई कवितेची आणि भक्तीची. आई लवकर गेली, तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा होता. वडिलांशी पटलं नाही आणि पोरगं घर सोडून नाशिकला आलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलं, थोडं इंग्रजी शिकलं. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. नवरदेव अठरा-एकोणीसचा, नवरी बारा वर्षांची. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे या पाळकाची खरी परीक्षा घेणारी व्यक्ती हीच आहे.

लग्नानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे नुसती भटकंती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तन, परवा नोकरी सोडून पसार. बायकोला कधी माहेरी ठेवायचं, कधी बोलवायचं, कधी काहीच न कळवता गायब व्हायचं. धर्माबद्दल डोक्यात काहूर होतंच. जातिभेद पटत नव्हता, माणसामाणसांत भिंती घालणारा धर्म देवाचा कसा, हा प्रश्न सुटत नव्हता. एक वेळ अशी आली की स्वतःच नवा धर्म काढावा, असंही मनात आलं.

बुटींकडचं काम संपल्यावर टिळक राजनांदगावला निघाले. हे संस्थान वैरागी महंतांचं, आज छत्तीसगडमध्ये. नागपूरहून तिथपर्यंत रेल्वे १८८० च्या दशकातच पोचली होती. साल १८९३ च्या सुमाराचं. डब्यात समोर एक गोरा माणूस. त्या काळात गोऱ्याच्या डब्यात देशी माणूस शिरला की काय व्हायचं, ते सांगायला नको. पण या साहेबाने जागा करून दिली आणि गप्पा सुरू केल्या त्या कवितेवर. जाताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि वाचायचा आग्रह केला. टिळकांना त्याचं नावही कळलं नाही. पुढे अभ्यासकांनी हा माणूस म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड असावा, असं म्हटलंय.

पंडिताने पुस्तक उघडलं ते दिलेला शब्द पाळायचा म्हणून. पण मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते अडकले. पुढचे महिने चोरून वाचन, मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार आणि घालमेल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला विचारलं नव्हतं. बातमी आली ती आकाश कोसळल्यासारखी. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, पंढरपुरात दिवस काढले. जवळपास पाच वर्षं हे दोघं एकमेकांपासून दूर होते. नवऱ्याची पत्रं यायची, कविता यायच्या, पण मध्ये सगळा समाज उभा होता.

इथे टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लक्ष्मीबाई शेवटी नगरला (आजचं अहिल्यानगर) त्यांच्याकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच. सोवळं तसंच, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ख्रिस्ती मंडळीत काम करणाऱ्या माणसाच्या घरात हे चालू होतं आणि टिळकांनी ते चालू दिलं. बायको अजून आपल्या धर्मात आली नाही, लोक काय म्हणतील, मिशन काय म्हणेल, याची पर्वा त्यांनी केली नाही. पाच वर्षांपूर्वी जो माणूस बायकोला न सांगता धर्म बदलून मोकळा झाला, तो आता तिचं तिला ठरवू देत होता. जातीची उतरंड देवाने नाही तर माणसाने रचली, हे लक्ष्मीबाईंना स्वतःचं स्वतः पटलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नगरला टिळकांना डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखा अमेरिकन मिशनरी पाठीराखा म्हणून लाभला होता. तिथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवत, म्हणजे होऊ घातलेले पाळकच त्यांच्या हाताखालून जात. १९०४ मध्ये त्यांना स्वतःला पाळकपदाची दीक्षा मिळाली.

आता पाळकाने स्वतःला तपासायचं म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात जुनाच आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतो, तेव्हा आधी स्वतःकडे लक्ष द्या आणि मग कळपाकडे, असा क्रम सांगतो. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टरच्या रिचर्ड बॅक्स्टर या पाळकाने १६५६ मध्ये याच एका मुद्द्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. रोग्याला पथ्य सांगणारा वैद्य स्वतः ते पाळतो का, अशा धर्तीची ही चौकशी. आपण सांगतो ते आपल्याला लागू आहे का, लोकांचं कौतुक गोड लागायला लागलंय का, घरात आपण कसे वागतो, पैसा कुणाचा खातो.

टिळकांच्या बाबतीत या नेहमीच्या प्रश्नांना हिंदुस्थानी पीळ बसला. पहिला प्रश्न भाषेचा. नगरच्या चर्चमध्ये लोक गायचे ती गाणी बरीचशी इंग्रजी चालीची, ओढूनताणून मराठी केलेली. दळताना ओवी म्हणणाऱ्या बाईला आणि वारीत अभंग म्हणणाऱ्या माणसाला ती आपली कशी वाटणार? पाळकाचं बोलणं लोकांच्या काळजापर्यंत जात नसेल तर चूक लोकांची की पाळकाची? टिळकांनी चूक पाळकाची धरली. त्यांनी अभंग, ओव्या, भजनं लिहायला घेतली आणि हातात टाळ घेऊन कीर्तनं केली. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती आणि ती ते लपवत नसत. धर्म बदलला की मागचं सगळं जाळून टाकायचं असतं, असं मानणाऱ्यांना हे पचायला जडच गेलं. मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची गीतं शेकड्यांनी आहेत.

दुसरा प्रश्न घरात कोण येतं याचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळला होता. अनाथ मुलं मिशनच्या आवारात भरली होती. टिळकांच्या घरात अशी मुलं येत-जात, राहत, वाढत. पुढे बालकवी ठोंबरेही याच घरात राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या मुलाला टिळकांनी हेरलं आणि आपल्या पंखाखाली घेतलं. रेव्हरंडाच्या घरी राहूनही बालकवी हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांच्याकडून कविता मागितली, धर्मांतर मागितलं नाही. ‘पाद्री म्हणजे बाटवणारा’ असं समीकरण पक्कं असण्याच्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

तिसरा प्रश्न मात्र टिळकांना कायम नडला. तो होता स्वभावाचा. हे आपल्याला कळतं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. टिळकांनीच अक्षरओळख करून दिलेली ही बाई पुढे लिहायला बसली आणि १९३४ पासून भागाभागाने आलेल्या तिच्या या आत्मकथनाने मराठीत इतिहास केला. त्यातले टिळक हे देव्हाऱ्यात बसवलेले नाहीत. राग नाकाच्या शेंड्यावर, वडिलांकडून आलेला. भांडण झालं की तडक उठून कुठेतरी निघून जाणारे, आणि राग गेला की लहान मुलासारखे हळवे. हातात पैसा टिकत नाही, कारण रस्त्यात कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. देणाऱ्याला पुण्य, पण चूल पेटवायची ती घरच्या बाईने.

गंमत म्हणजे लक्ष्मीबाई हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. खो-खो हसत सांगतात. पण वाचणाऱ्याला कळतं की मंडळीत ज्याच्या शब्दाने लोक रडायचे, त्याच्या उदारपणाचं बिल घरी कोण फेडत होतं. बॅक्स्टरने पाळकांसाठी प्रश्न लिहून ठेवले, पण उत्तरपत्रिका पाळकाच्या बायकोने तपासायची असते, ही सोय त्याच्या पुस्तकात नव्हती. टिळकांच्या बाबतीत ती झाली.

चौथा प्रश्न सगळ्यात मोठा. आपण चाकर कुणाचे?

मिशनमध्ये देशी पाळक पगारी असे. पैसा बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाकडून यायचा, तो मिशनऱ्यांच्या हातून वाटला जायचा. माणसं वाईट नव्हती, ह्यूमसाहेबांसारखी तर जीव लावणारी होती. पण जो पगार देतो तो साहेब आणि जो घेतो तो हाताखालचा, हे नातं कितीही प्रेमाने झाकलं तरी झाकत नाही. टिळकांना दिसत होतं की गावातला माणूस ख्रिस्ती पाळकाकडे गोऱ्या साहेबाचा नोकर म्हणूनच बघतो. ज्या देशात संन्यासी पै न घेता दारोदार फिरतो आणि लोक त्याच्या पाया पडतात, त्या देशात महिन्याच्या महिन्याला सही करून पगार घेणाऱ्याच्या धर्मवचनाला वजन किती येणार?

हा विचार त्या काळात हवेत होताच. १९०५ मध्ये सेरामपूरला देशी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली होती. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायाह या तमिळ पाळकाने भरसभेत मिशनऱ्यांना सुनावलं होतं की तुम्ही खूप दिलंत, पण मैत्री दिली नाहीत. टिळकांची देशभक्ती तर कवितेतून ओसंडत होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती पत्राचा मराठी भाग त्यांच्या हाती आला आणि तिथूनही ते आपल्याच लोकांना टोचत राहिले.

पण लोकांना टोचणं वेगळं आणि स्वतःचा पगार सोडणं वेगळं. इथे बहुतेक माणसं थांबतात.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय पंचावन्नच्या वर. तब्येत फार धड नाही. गाठीला काही नाही, कारण गाठ कधी बांधलीच नव्हती. भांडण करून बाहेर पडले असते तर सोपं गेलं असतं, निदान राग तरी सोबतीला असता. पण मिशनरी मित्रच राहिले, ‘ज्ञानोदय’चं काम चालूच राहिलं. ते बाहेर पडले ते फक्त एका हिशेबासाठी, आपण देवाचे चाकर म्हणवतो ते खरं आहे का, हे एकदा करून बघायचं होतं.

त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. कल्पना अशी की या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले बसतील आणि न घेतलेलेही. ख्रिस्ताला गुरू मानतो एवढं पुरे. जात, पंथ, मंडळीच्या वहीतली नोंद, काही विचारायचं नाही. पाळक आणि कळप यांच्यामधली पायरीच काढून टाकायची.

कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात काय झालं? बाप्तिस्मा नसलेल्यांनाही आत घेणं जुन्या ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकांना रुचलं नाही. मग बाप्तिस्म्याला अर्थ काय उरला, ज्यांनी घरदार आणि नातीगोती सोडून तो घेतला त्यांच्या त्यागाचं काय, हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पुन्हा टिळकांना संस्था बांधायची कला नव्हती. वही, हिशेब, उत्तराधिकारी, नियम यातलं काहीच त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. दरबार उभा होता तो एका माणसाच्या ओढीवर. आणि घरातली बाई पुन्हा एकदा नवऱ्याच्या नव्या वेडामागे सामान बांधून निघाली होती. नागपूरला असो की नगरला असो की साताऱ्याला, तिचं हे काम काही सुटलं नाही.

म्हणजे हा प्रयोग फसला का? संस्था म्हणून पाहिलं तर हो. दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. टिळक आजारी पडले, उपचारासाठी मुंबईला आणलं गेलं आणि ९ मे १९१९ ला जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. दफन न करता दहन झालं, त्यांच्याच इच्छेने. रक्षा नंतर नगरला नेण्यात आली. ख्रिस्ती पाळकाला चितेवर ठेवणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, हे आज लक्षात येणं अवघड आहे. देशी ख्रिस्ती माणसाने मरताना तरी परका का दिसावं, असा त्यातला हिशेब.

पण माणसांच्या हिशेबाने पाहिलं तर चित्र बदलतं. टिळकांचा स्नेही असलेला जे. सी. विन्स्लो हा इंग्रज मिशनरी त्यांच्या विचारांनी भारावून गेला होता. टिळकांचं इंग्रजी चरित्र त्यानेच १९२३ मध्ये लिहिलं. त्याआधी त्याने ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता, जिथे गोरे आणि देशी खादी घालून, जमिनीवर बसून, एका पंगतीत जेवून राहत. या संघात १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण पाद्री दाखल झाला, व्हेरियर एल्विन. तो पुढे गोंडांमध्ये राहायला गेला, पाद्रीपणच सोडून बसला आणि आदिवासींचा मोठा अभ्यासक ठरला. साताऱ्यातल्या त्या न जमलेल्या दरबाराचे धागे असे लांब गेले.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत पाळक होते, ती १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात मिसळली. २९ नोव्हेंबर १९७० ला त्यातून आणि इतर पाच प्रवाहांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. त्याचं उद्घाटन झालं ते नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. परदेशी पंथांच्या पाट्या उतरवून देशी चर्च एक व्हावं, हे टिळकांच्या मनात होतंच.

एक काम मात्र त्यांचं त्यांच्या हातून अर्धंच राहिलं होतं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायचं म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. टिळक गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते हस्तलिखित पुढे ओढलं. मुलांचं, नातवंडांचं, पोटापाण्याचं सांभाळत, कराचीपर्यंत जाऊन येत, त्यांनी त्याला साठाहून जास्त अध्याय जोडले. १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालं, तेव्हा लक्ष्मीबाईंनाही जाऊन दोन वर्षं झाली होती.